शोधलं ते माझं मी

कूसी लेक
२८ एप्रिल

रेइनो,

टपालबोटीवाले हे पत्र बादलीत घालतील, तुमच्या जहाजावरचा कुणीतरी खलाशी दोरी ओढून ते वर घेईल, आणि मग जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तू ते फोडशील. यावेळी तसं करू नकोस. खाली बॉयलरपाशी जा आणि एकटा वाच.

हॉलेनबेकांचं घर जळालं. उत्तर किनाऱ्यावरचं, तेच ते प्रचंड, ज्याला ती नवराबायको पुलाखालून, म्हणजे पुलापलीकडच्या दक्षिणेतून, येऊन बिनदिक्कत ‘कॅम्प’ म्हणायची. घरात कुणी नव्हतं, देवाची कृपा. विकायलाच काढलं होतं त्यांनी. आता विकायला चिमणी आणि पायऱ्या उरल्यात.

काल एक डिटेक्टिव्ह आला. कर्चॉफ नावाचा, तोही पुलाखालचाच. एप्रिलच्या चिखलातून आला आणि बूट न काढता थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले, त्याला वाटलं मी घाबरून खाली बघतेय.

"आग लागली त्या रविवारी कुठे होता तुम्ही?"

"कॅम्पवर."

लगेच लिहून घेतलं. "किती वेळ?"

"दुपारपासून. सौना तापवली, जेवले, झोपले."

"म्हणजे तुम्ही हे कबूल करता?"

"सौना तापवली हे? त्यात कबूल काय करायचं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्याला हॉलेनबेकांचा ‘कॅम्प’ वाटला होता. म्हटलं, अहो साहेब, इथे ज्याचा त्याचा कॅम्प असतो. तळ्याकाठी दोन लाकडी खोल्या आणि वाफेने घाम काढायची एक सौना. ‘कॅम्पवर होते’ म्हणजे माझ्या स्वतःच्या. दुसऱ्याच्या कॅम्पवर गेले असते तर त्याचं नाव घेतलं असतं! त्याने मान हलवली, पण लिहिलेलं काही खोडलं नाही.

मग खरं काढलं. "आगीच्या आधी तुम्ही हा पत्ता इंटरनेटवर शोधला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. का?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, आम्ही शोधयंत्राच्या कंपनीला वॉरंट पाठवलं. त्या पंधरवड्यात हा पत्ता ज्याने ज्याने शोधला, त्या सगळ्यांची नावं द्या. संशय कुणावर होता? कुणावरच नाही. जाळं टाकलं आणि काय वर येतंय ते बघितलं.

"का शोधला ते सांगितलंत तर प्रकरण इथेच मिटेल," म्हणाला.

"शोधलं ते माझं मी. तुम्हाला काय करायचंय?"

मग त्याला गावात कळलंच की मी शाळेची बस वळवते त्या जागेवर हॉलेनबेकने साखळी लावली होती आणि मी त्याला भर रस्त्यात चार शब्द सुनावले होते. आज शाळेतून फोन. हे मिटेपर्यंत बस चालवायची नाही. बावीस वर्षं मी त्या पोरांना घरून शाळेत आणि शाळेतून घरी नेलंय. किल्ल्या परत देण्याआधी रिकामी बस दोनदा झाडली. हे फक्त तुला सांगते.

सिल्वी

•

‘हॅरियट डोव्ह’, ड्यूलूथच्या धक्क्यावर
१३ मे

सिल्वी,

पहिली गोष्ट. या जहाजावर बॉयलरची इंजिनं नाहीत, डिझेल आहेत. हे मी तुला दर मोसमात सांगतो. डिझेलपाशी उभं राहून पत्र वाचता येत नाही, कानात बोळे घालावे लागतात. मी ते माझ्या खोलीत वाचलं.

दुसरी गोष्ट. मी कुठल्या नौकाविद्यालयात गेलो नाही हे तुला माहीत आहे. तेल पुसणारा म्हणून चढलो आणि आज सेकंड इंजिनिअर आहे, ते मॅन्युअलं पाठ करून आणि कोपरापर्यंत भाजून घेऊन. त्यातून एक शिकलोय. अलार्म वाजला की लपवायचं नाही. काय झालं, का झालं, सरळ सांगायचं. लपवलेला बिघाड दुप्पट होऊन परत येतो. तेव्हा उगाच ताठा करू नकोस. त्या माणसाला सांग, सही कर, बस परत घे.

तिसरी गोष्ट, आणि ही मी भाऊ म्हणून विचारतोय. कोण आहे तो? ते घर विकायचं काम व्हर्नर मॅकीकडे होतं, बरोबर? बायको जाऊन त्याला दोन वर्षं झाली. माणूस वाईट नाही. जरा जास्त बोलतो. तू विधवा बाई, तुझं वय काही फार झालेलं नाही, लाजायचं कारण काय? पत्ता त्याच्यासाठी शोधला असलास तर सांगून मोकळी हो.

रेइनो

•

कूसी लेक
६ जून

रेइनो,

व्हर्नर मॅकी! वाचून कॉफी नाकात गेली माझ्या. तो माणूस कोट घालतो आणि बाह्या दुमडून ठेवतो, आतलं अस्तर बाहेरून दिसावं म्हणून. तू जहाजावरच बरा आहेस, लग्नं जुळवायचा धंदा तुला झेपणार नाही.

आता ऐक, आणि बसून ऐक. माझ्यावर आरोप ठेवलाय. दुसऱ्याच्या घराला जाणूनबुजून आग लावली. पुरावा काय? मी पत्ता शोधला. मी ‘कॅम्पवर होते’ असं स्वतः म्हणाले. हॉलेनबेकशी भांडले. आणि माझ्या शेडमध्ये रॉकेलचा डबा सापडला. इथे कुणाच्या शेडमध्ये नसतो तो? पाद्रीबाबांकडे दोन आहेत.

कोर्टाने वकील दिलीय, डॉर्का ट्रेव्हॅरो. तरुण आहे, केस कसेतरी बांधते, आणि बोलताना समोरच्याच्या ताटातलं उचलून खाते. मला आवडली. ती म्हणाली, "तुम्ही का शोधलं ते मला सांगू नका."

"का हो?"

"कारण मग मला वाटायला लागेल की ते महत्त्वाचं आहे."

तिचं म्हणणं असं की भांडण त्या वॉरंटशीच करायचं. ते पडलं की बाकीचं सगळं त्याच्यामागे पडतं, कारण माझ्या दारात ते आलेच त्या यादीमुळे. यादीत आणखी कितीतरी नावं आहेत म्हणे, गावातलीच. कोण ते कुणालाच माहीत नाही. कर्चॉफ दारोदार हिंडतोय आणि कुणीही तोंड उघडत नाहीये. त्याला वाटतंय अख्ख्या गावाने मिळून कट केलाय. आणि गावाला काय वाटतंय माहितीये? ज्याला त्याला वाटतंय, माझ्या शेजारच्यानेच काहीतरी केलं असणार. दुकानात बायका माझ्याशी बोलतात ते बटाट्यांकडे बघत.

तुझ्या अलार्मबद्दल. कारण इतकं लाजिरवाणं आहे की उच्चारताना जीव जाईल माझा. पण मी सांगत नाहीये ते त्यामुळे नाही. चर्चमध्ये उभं राहून सांगण्यासारखं असतं तरी त्याला सांगितलं नसतं. मी तुला विचारते, रात्री झोप येत नसली की तुझ्या मनात काय काय येतं, ते तू फर्स्ट इंजिनिअरला लिहून देतोस का?

सिल्वी

•

‘हॅरियट डोव्ह’, ह्युरॉन सरोवर
२७ जून

सिल्वी,

मे महिन्याचं माझं पत्र फाडून टाक. किंवा ठेव, पण त्यातली दुसरी गोष्ट खोडून टाक. तिसरीही.

परवा आम्ही खनिज भरून खालच्या सरोवरात उतरायला सू गावच्या जलद्वारात शिरलो. दार बंद झालं, पाणी उतरायला लागलं, मी हवा खायला डेकवर आलो. खाली भिंतीवर एक माणूस टाय लावून उभा. बूट चकचकीत.

"रेइनो लाहतेला?" खालून ओरडला.

"मीच. तुम्ही?"

"कर्चॉफ. एप्रिलमध्ये जहाजावरून तुम्ही उत्तर किनाऱ्यावरचा एक पत्ता शोधलात. दोनदा."

सिल्वी, मी कठड्याला धरलं. माझंही नाव होतं त्या यादीत. मी कुठे होतो? मिशिगन सरोवराच्या मधोमध! काडी पेटवली असती तरी ती तिथपर्यंत उडत गेली असती का?

"का शोधलात?" तो म्हणाला.

आणि बघ, मी, जो तुला सरळ सांग म्हणत होतो, त्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण आठवलं आणि कान तापले. मग राग आला. स्वतःचा नाही, त्याचा. मी माझ्या खोलीत, दार लावून, बूट काढून पलंगावर पडलो होतो तेव्हाची गोष्ट ती. हा माणूस तिथे कुठून आला?

"बहिणीला मदत करायची असेल तर बोला," तो म्हणाला. जहाज पाण्याबरोबर खाली चाललं होतं. आधी मी त्याच्या डोक्यावर होतो, हळूहळू आमचे डोळे समोरासमोर आले.

"साहेब," मी म्हटलं, "आग मी लावली असा संशय आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग कशाचा आहे?"

त्याने वहीत बघितलं. वहीत काही नव्हतं. तेवढ्यात भोंगा झाला, दार उघडलं, आम्ही निघालो. कॅप्टन मला विचारत होता, कोण रे तो? मी म्हटलं, विमेवाला.

मी का शोधलं ते तुलाही सांगणार नाही. तू शब्दही बोलू नकोस त्याच्याशी. ट्रेव्हॅरोबाईंना सांग, माझं म्हणणं लागलं तर शपथेवर देईन, कारण सोडून.

रेइनो

•

कूसी लेक
९ सप्टेंबर

रेइनो,

शाळा सुरू झाली. माझ्या बसवर बाहेरगावचा एक ड्रायव्हर आलाय. नीमी बाईंच्या धाकट्याला उतरायचं असतं डेअरीपाशी, हा त्याला चौकात सोडतो. मी खिडकीतून बघत असते. ते पोर चौकातून मागे चालत जातं, दप्तर त्याच्यापेक्षा मोठं.

काल सरकारी वकील तोडगा घेऊन आले. गोड माणूस, सगळं समजावून सांगतो. तुरुंग नाही. आगीचा आरोप काढून टाकू. फक्त ‘निष्काळजीपणा’ मान्य करा आणि तो पत्ता का शोधलात ते दोन ओळींत लिहून द्या.

मी विचारलं, "आणि बस?"

"तो परवाना मात्र जाईल. मुलांची बस आहे ना शेवटी."

ट्रेव्हॅरोबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या, मीच ठरवावं म्हणून. मी हरले तर तुरुंगच आहे, रेइनो. तिने मला ते आकड्यांसकट सांगितलंय, लपवलं नाही. रात्रभर टेबलाशी बसून राहिले असं वाटत असेल तुला. मुळीच नाही. जागच्या जागी म्हटलं, "दोन ओळी तुम्हीच लिहा. पहिल्या ओळीत लिहा, तिने नाही म्हटलं. दुसरीत, तुम्ही पुन्हा येऊ नका."

घरी आल्यावर मात्र रडले. सौनेत. तिथे घाम आणि ते वेगळं ओळखू येत नाही.

तू शोधलंस ते ऐकून मला मेलीला केवढी मोठी शंका आली होती! वाटलं, रेइनो ते घर विकत घेऊन निवृत्त होणार की काय. संगमरवरी जिन्यावरून तू तेलाचे बूट घालून उतरतोयस, हे डोळ्यांसमोर आलं. मग म्हटलं, गप्प बस सिल्वी, तूही कर्चॉफच झालीस.

सुनावणी पुढच्या महिन्यात. तू येऊ शकणार नाहीस ते माहीत आहे.

सिल्वी

•

कूसी लेक
२४ ऑक्टोबर

रेइनो,

सुनावणी झाली. निकाल अजून यायचाय, पण जे घडलं ते बघायला तू असायला हवा होतास.

न्यायाधीश ज्युडिथ बोनेत्ती. बाजूच्याच खाणगावातल्या. कोर्ट भरलं होतं. मला वाटलं लोक तमाशा बघायला आलेत. वृद्ध इम्पी केटोला तर विणकाम घेऊन पहिल्या बाकावर.

सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, आरोपीने स्वतः कबूल केलंय की त्या दिवशी ती कॅम्पवर होती.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "कुठल्या?"

"कॅम्पवर, माननीय."

"डिटेक्टिव्ह, तुम्ही मूळचे कुठले?"

कर्चॉफने गाव सांगितलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पुलाखालचा." बाईंनी हातोडी नाही आपटली, नुसतं त्या दिशेने बघितलं. मग अख्ख्या कोर्टाला विचारलं, "त्या रविवारी कॅम्पवर कोण कोण होतं?"

रेइनो, हात वर झाले. एक, दोन, मग सगळेच. कारकुनाने केला. दारावरच्या शिपायाने केला. इम्पीने सुईसकट केला.

"मीही होते," बाई म्हणाल्या. "पुढे चला."

हशा थांबला तेव्हा ट्रेव्हॅरोबाई उठल्या. कर्चॉफला एवढंच विचारलं, "हे वॉरंट मागितलंत त्या दिवशी तुमचा संशय कुणावर होता?"

"कुणावर नाही."

"सिल्वी बर्गबाकांवर?"

"तेव्हा मला त्यांचं नावही माहीत नव्हतं."

"मग झडती कुणाची घेत होतात?"

त्याने वही मिटली. वाईट माणूस नाही तो. शेवटी म्हणाला, "सगळ्यांची, असं म्हणता येईल."

"धन्यवाद," ती म्हणाली आणि बसली. बसताना माझ्या पिशवीतल्या मांस-बटाट्याच्या पास्टीचा तुकडा मोडून घेतला तिने. भर कोर्टात!

सरकारी वकील म्हणाले, वॉरंटवर दंडाधिकाऱ्याची सही होती, पोलिसाने त्या सहीवर विश्वास ठेवला, त्याचा काय दोष? आणि लोक आपणहून त्या कंपनीला प्रश्न विचारतात, मग त्यात खासगी काय उरलं? तेव्हा न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं. ते कुणाच्या बाजूचं होतं कोण जाणे. मला झोप नाही.

सिल्वी

•

कूसी लेक
१५ डिसेंबर

रेइनो, रेइनो, रेइनो!

जिंकलो! ते वॉरंट रद्द! यादी रद्द, यादीतून निघालेलं सगळं रद्द, माझ्यावरचा खटला काढून टाकला! ट्रेव्हॅरोबाईंनी फोनवर वाचून दाखवलं आणि मी त्यांना तीनदा वाचायला लावलं.

न्यायाधीशबाईंनी लिहिलंय, झडतीच्या कागदावर कुणाची झडती आणि कशासाठी हे आधी असावं लागतं. कोणावरही संशय नसताना हजारो लोकांचे प्रश्न उपसायचे आणि मग त्यातून संशयित निवडायचा, हे उलटं झालं. माणूस शोधाच्या त्या चौकटीत जे टाइप करतो ते तो डॉक्टरला विचारायच्या आधी, नवऱ्याला सांगायच्या आधी, कधीकधी स्वतःशी कबूल करायच्याही आधी विचारतो. एका कंपनीच्या यंत्रातून ते गेलं म्हणून ते रस्त्यावर पडलं असं होत नाही. आणि सहीबद्दल लिहिलंय की ज्या अर्जात स्वतःच ‘संशयित कोणी नाही’ असं म्हटलंय, त्यावरची सही बघून पोलिसाने निश्चिंत व्हायचं नसतं, थांबायचं असतं. यापुढे या जिल्ह्यात असं वॉरंट घेऊन कुणी त्यांच्यासमोर आलं तर आधी नाव आणि कारण आणावं. यादीच्या सगळ्या प्रती नष्ट करायच्या, कुणाचंही नाव बाहेर न येता. सरकारी वकिलांनी वरच्या कोर्टात जायचं नाही असं ठरवलं. हातात काही उरलंच नाही त्यांच्या.

सोमवारपासून बस! किल्ल्या मुख्याध्यापकांनी स्वतः घरी आणून दिल्या. बूट काढून आत आले.

आता रविवारचं ऐक. प्रार्थनेनंतर खाली कॉफी होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा लोक माझ्या डोळ्यांत बघून बोलत होते, पण अजून जरा अवघडलेलेच. यादीत कोण होतं ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि ते बरंच झालं असं सगळ्यांचे चेहरे म्हणत होते. मी निसूचा वेलचीवाला गोड ब्रेड कापत होते. तेवढ्यात इम्पी, कॉफीत ब्रेड बुडवता बुडवता, कुणालाही उद्देशून नाही, म्हणाली,

"त्या ओव्हनला दोन दारं होती. दोन दारं कशाला हवीत माणसाला?"

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं.

मग पाद्रीबाबांची बायको अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तीन."

"काय तीन?"

"तीन दारं होती. बाजूला एक छोटं होतं."

आणि मग फुटलंच, रेइनो! "ते हंड्याएवढे दिवे बघितले?" "आणि फ्रिज लाकडाचा, कपाटासारखा, मी आधी ओळखलाच नाही!" "भांडी धुवायच्या दोन दोन मोऱ्या!" नीमी बाई म्हणाल्या मी तीनदा बघितलं. कोर्टातला शिपाई म्हणाला मी बायकोला दाखवलं. व्हर्नर मॅकी कोपऱ्यात लालबुंद होऊन म्हणाला, "विक्रीच्या जाहिरातीचे ते फोटो मीच काढले होते. पण एवढे लोक बघतायत आणि विकत का कुणी घेत नाही, हेच मला कळत नव्हतं."

अख्खं गाव! अख्खं गाव इंटरनेटवर चोरून हॉलेनबेकांचं स्वयंपाकघर बघत होतं! आई जिवंत असती तर म्हणाली असती, लोकांच्या घरात डोकावतेस, लाज नाही? त्यापेक्षा आग लावली असतीस तर बरं. मी तुरुंगात गेले असते, पण हे कर्चॉफला सांगितलं नसतं. आणि रविवारी निसू कापता कापता सगळ्यांना सांगितलं, पडदेसुद्धा मला आवडले नव्हते म्हणून. हसून हसून इम्पीची वीण उसवली.

आग कशी लागली ते विमेवाले अजून शोधतायत. शोधू देत. त्यांच्याजवळ राख आहे, ती बघतील.

सिल्वी

•

‘हॅरियट डोव्ह’, ड्यूलूथ
२३ डिसेंबर

सिल्वी,

पत्र जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. फर्स्ट इंजिनिअरने टेबलावर मूठ आपटली, स्वयंपाक्याने सगळ्यांना पुन्हा वाढलं, आणि कॅप्टनने कुणालाही न विचारता भोंगा दिला. धक्क्यावरच्या लोकांना वाटलं काहीतरी अपघात झाला. मी ओरडून सांगितलं, माझी बहीण जिंकली.

त्या निकालाची पूर्ण प्रत मागवून घे. मी वाचणार आहे, तळटिपांसकट.

सोमवारी ते नीमींचं पोर डेअरीपाशी उतरलं का ते कळव.

आणि इम्पीला सांग, आणि पाद्रीबाबांच्या बायकोलाही, की दोघी चुकल्या. दारं चार होती. चौथं तळाशी, सपाट, ताटं गरम ठेवायचं. त्याला मूठ नसते, दाबलं की उघडतं, म्हणून फोटोत लक्षात येत नाही. मी मोठं करून बघितलं होतं. दोनदा.

तू विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं.

रेइनो